शेजारच्या पोरांचा हेवा

श्रीधरराव सेलूकर हे मुळात दुसऱ्याचा हेवा करणारे गृहस्थ नव्हते. जिल्हा परिषदेत त्यांच्याबरोबर कारकून म्हणून लागलेला एक जण परीक्षा देत देत मोठा साहेब झाला आणि एके दिवशी त्यांच्याच कार्यालयासमोर सरकारी गाडीतून उतरला, तेव्हा श्रीधररावांनी त्याला चहा पाजला आणि स्वतःलाही तो चहा गोडच लागला. धाकट्या साडूनं पुण्यात चौथ्या मजल्यावर फ्लॅट घेतला, तेव्हा "गुडघे चांगले राहतील," एवढंच ते म्हणाले, आणि तेही मनापासून. असा हा समाधानी माणूस वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी एका दहा वर्षांच्या मुलीवर जळायला लागला. कारण काय, तर ती मुलगी जेवण झालं की आपलं ताट आपण घासायची, पालथं घालायची आणि मगच खेळायला पळायची.

मुलगी शेजारच्या काकासाहेब ठोंबऱ्यांची. नाव संस्कृती. तिचा थोरला भाऊ इंद्रजीत, आठवीतला. तो तर त्याहून वाईट. म्हणजे सकाळी उठून स्वतःचं अंथरूण घडी करून ठेवणारा.

"आपल्या पोरांच्या अंथरुणाच्या घड्या शेवटच्या कधी झाल्या होत्या गं?" श्रीधररावांनी एकदा बायकोला विचारलं.

"झाल्या की. रोज होतात. मी करते," कालिंदी म्हणाली, आणि उरलेल्या पोळ्या डब्यात भरून बँकेत निघून गेली. ती बँकेत रोखपाल होती आणि घरात उत्तरंही मोजून द्यायची.

हे सगळं सुरू झालं पाण्यावरून. त्या दोन वर्षांत मराठवाड्यात सगळंच पाण्यावरून सुरू होत होतं. शहर वाढत वाढत बीड बायपास ओलांडून साताऱ्याच्या डोंगराच्या पायथ्याशी आलं होतं, पण येताना पाण्याची पाइपलाइन बरोबर घ्यायचं विसरलं होतं. तिथं नऊ रो हाऊसांची एक गल्ली, त्यातलं चौथं घर सेलूकरांचं आणि पाचवं ठोंबऱ्यांचं. घर विकणाऱ्यानं "मुबलक पाणी" असं पाटीवर लिहिलं होतं, आणि पाटी खरोखरच मोठी होती. पहिली तीन वर्षं बोअरनं इमान राखलं. मग पाऊस रुसला. दुसऱ्या कोरड्या वर्षी संक्रांतीच्या सुमारास मोटार चालू केली की नळातून नुसता सुस्कारा यायचा. जायकवाडीच्या भेगाळलेल्या तळाचे फोटो रोज पेपरात येत आणि गल्लीतली माणसं ते घरच्या आजारी माणसाचा रिपोर्ट वाचावा तसे वाचत.

मग टँकर सुरू झाला. एक दिवसाआड, सकाळी साडेसातच्या सुमारास. गल्लीच्या तोंडाशी तो थांबायचा, जाड पाइप एकेका घराकडं यायचा आणि प्रत्येक फाटकासमोर मांडलेले निळे ड्रम भरून पुढं जायचा. टँकरवाले चाचा घाईत असत. "साब, बातां बाद में, पैले ड्रम का मूं खोलो," असं ते श्रीधररावांना दर खेपेला म्हणत, कारण श्रीधरराव दर खेपेला ड्रमचं झाकण उघडायचं सोडून पाणी कुठून आणलं याची चौकशी करत.

ड्रममधलं पाणी घरात न्यायचं कुणी, हा खरा प्रश्न. स्वयंपाकघरात चार बादल्या, खालच्या मोरीत चार, वरच्या न्हाणीत चार, जिना अठरा पायऱ्यांचा. सेलूकरांच्या घराण्यात तीन पिढ्यांत कुणी जड वस्तू उचलली नव्हती. आजोबांनी पोथी उचलली, वडिलांनी फाइल उचलली, आणि श्रीधररावांच्या काळात तर फाइलही शिपाई उचलायला लागला. त्यामुळं पाणी कालिंदी भरायची आणि श्रीधरराव जिन्यात उभे राहून "सांडेल, सांडेल" असं म्हणायचे. याला ते देखरेख समजत.

फेब्रुवारीच्या शेवटी एका सकाळी कालिंदीनं बादली पायरीवर ठेवली आणि कंबरेवर हात ठेवला. "उद्यापासून मी स्वयंपाकाच्या चार आणणार," ती म्हणाली. "उरलेल्या आठ तुम्ही तिघांनी बघा. चिन्मय बारा वर्षांचा झालाय, स्वरदा आठची. तुम्ही किती वर्षांचे झालात ते तुम्हाला माहीत."

श्रीधररावांनी हे आव्हान स्वीकारलं. म्हणजे ते टेबलाशी बसले आणि त्यांनी आदेश काढला.

जिल्हा परिषदेत श्रीधररावांच्या मसुद्याला तोड नव्हती. त्यांची टिपणी वरच्या साहेबापर्यंत एकही शब्द न बदलता जायची. तीच लेखणी त्यांनी घरासाठी उचलली. "विषय: टंचाई परिस्थितीत घरगुती पाणी वाहतुकीचे नियोजन करणेबाबत." त्याखाली चि. चिन्मय यांनी प्रति टँकर पाच बादल्या व कु. स्वरदा यांनी लहान बादलीने तीन खेपा कराव्यात, हयगय झाल्यास गांभीर्याने घेतले जाईल, देखरेख अधिकारी श्री. सेलूकर. कागद फ्रिजवर लावला. मुलांना कामाची सवय लागली पाहिजे, असं ते आठ दिवस ऑफिसात सगळ्यांना सांगत होते, आणि आता ती लागणारच होती, कारण लेखी होतं.

संध्याकाळी आदेशाखाली दुसरा कागद दिसला. चिन्मयच्या तिरक्या अक्षरात. "सदर आदेश प्राप्त झाला. तथापि घटक चाचणी जवळ आल्याने सदर काम स्वरदा यांच्याकडे सोपविण्यात यावे, ही विनंती." त्याखाली पेन्सिलीनं स्वरदाचं: "मी लहान आहे. म्हणून हे आईकडे पाठवत आहे."

श्रीधररावांनी ते दोनदा वाचलं. राग यायला हवा होता, पण 'तथापि' अगदी योग्य ठिकाणी पडला होता आणि हे त्यांच्या नजरेतून सुटलं नाही. त्यांनी कारणे दाखवा नोटीस काढली. चिन्मयनं दीड पानी खुलासा दिला. त्यांनी स्मरणपत्र लावलं, स्वरदानं त्यावर "पाहिले" असं लिहून सही ठोकली. सहीला खाली दोन टिंबंही दिली, अगदी बाबांच्या सहीसारखी. पंधरा दिवसांत फ्रिजवर नऊ कागद झाले आणि बाहेरच्या ड्रममध्ये डासांची पिल्लं झाली.

"पाणी वर आलं का?" कालिंदीनं विचारलं.

"प्रक्रिया चालू आहे," श्रीधरराव म्हणाले.

आणि याच पंधरा दिवसांत, गॅलरीत चहाचा कप घेऊन उभं राहिलं की त्यांना शेजारचं अंगण दिसायचं.

काकासाहेब मूळचे वैजापूरकडचे. गावाकडं भावाबरोबर थोडी शेती, आणि स्वतः वाळूजला एका कारखान्यात. पाळ्या फिरत्या. रात्रपाळी असली की कंपनीची बस त्यांना सकाळी सव्वासातला बायपासला सोडायची, आणि टँकर यायच्या आत ते गल्लीत पोचायचे. डोळे तांबारलेले, डब्याची पिशवी हातात. पिशवी खिळ्याला अडकवायची, पँट गुडघ्यापर्यंत दुमडायची, रिकामा ड्रम आडवा पाडायचा आणि सरळ डोक्यापासून कंबरेपर्यंत त्यात शिरायचं. आतून काथ्यानं घासल्याचा खर्रखर्र आवाज यायचा. ड्रमच्या तळाला हिरवट, बुळबुळीत थर बसतो, तो काढायचा. तोवर इंद्रजीत पाइपाची वाट बघत उभा, संस्कृती आपली छोटी कळशी घेऊन त्याच्यामागं, आणि त्यांची आई गीताबाई चुलीवरचं सोडून दारात यायचीच नाही, म्हणजे तिला यायची गरजच नसायची. कुणी कुणाला काही बोलायचं नाही. टँकर गेला की अर्ध्या तासात ठोंबऱ्यांचं अंगण असं दिसायचं की जणू तिथं काही घडलंच नाही.

तो गप्पपणा श्रीधररावांच्या जिव्हारी लागायचा. पोरांवर ओरडावं, पोरांनी तोंड वाकडं करावं, निदान एखाद्यानं पाय आपटावा, म्हणजे शेजारीही माणसंच राहतात असं वाटलं असतं. एकदा इंद्रजीतच्या हातून भरलेली बादली निसटली. आख्खी बादली, त्या दिवसांत. श्रीधररावांनी चहाचा घोट तोंडातच धरला. आता पोराला फटका बसतोय, त्यांना वाटलं, आणि खोटं कशाला, त्यांना बरंही वाटलं. काकासाहेबांनी सांडलेल्या पाण्याकडं पाहिलं, कोपऱ्यातला खराटा घेतला आणि ते पाणी ओट्यावर पसरून ओटाच धुऊन काढला. इंद्रजीत न सांगता दुसऱ्या खराट्यानं सामील झाला. म्हणजे या घरात बादली सांडली तरी ओटा स्वच्छ होतो. श्रीधररावांना तो चहा कडू लागला.

त्यांना फार मोठं काही नको होतं. आपल्या एका तरी लेकरानं, एकदा तरी, न सांगता, आपल्यासाठी एक बादली उचलावी, एवढंच. आणि उचलताना आपल्याकडं बघावं, जसा इंद्रजीत त्या ड्रममधून बाहेर आलेल्या, केसांना शेवाळ लागलेल्या माणसाकडं बघतो तसं. ही दुसरी गोष्ट त्यांनी कुणाला सांगितली नाही. मसुद्यात बसण्यासारखी नव्हती ती.

मार्चमधल्या दुसऱ्या शनिवारी सुट्टी होती. चिन्मय सकाळीच "इंद्रजीतकडं अभ्यासाला चाललो," म्हणून गेलेला. टँकर येऊन गेला. श्रीधरराव सवयीनं गॅलरीत आले, सवयीनं जळायच्या तयारीनं शेजारी वाकून पाहिलं, आणि त्यांच्या हातातला कप कठड्यावर आपटला.

ठोंबऱ्यांच्या अंगणात दोन हातांत दोन बादल्या घेऊन एक मुलगा चालला होता. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली. चाल सेलूकरांचीच, जरा बाहेर फेकलेल्या पायांची. बादल्या दारात ठेवून तो वळला आणि म्हणाला, "काका, झालं. आता काय?"

आता काय. हे दोन शब्द श्रीधररावांनी बारा वर्षांत या मुलाच्या तोंडून ऐकले नव्हते. त्यांच्या वाट्याला "थांबा ना", "नंतर", "मीच का" एवढीच भाषा आली होती. आपला मुलगा शेजाऱ्याच्या घरी पाणी भरतो, हे वाक्य मराठीत कसंही म्हणा, वाईटच ऐकू येतं.

ते खाली आले. कालिंदी भाजी निवडत होती.

"चिन्मय तिकडं पाणी भरायलाय," ते म्हणाले.

"हो."

"तुला माहीत होतं?"

"पंधरा दिवस झाले की. एरवी तुमचा चहा संपला की जातो."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"सांगून काय, तुम्ही नोटीस काढली असती," कालिंदी म्हणाली. मेथीची एक काडी मोडून तिनं बाजूला ठेवली. "आणि हे भाजी धुतल्याचं पाणी मोरीत नाही टाकायचं, कुंडीत टाकायचं. चिन्मयनं सांगितलंय. त्यांच्याकडं तसं करतात."

त्यांच्याकडं. घरात आता 'त्यांच्याकडं' नावाचा एक पाहुणा राहायला आला होता. जेवताना चिन्मय म्हणायचा, त्यांच्याकडं ताटात उष्टं टाकत नाहीत. स्वरदा म्हणायची, त्यांच्याकडं काका स्वतःची कपबशी विसळतात. श्रीधरराव आपल्या कपबशीकडं बघायचे. कपबशी त्यांच्याकडं बघायची.

शेवटी त्यांच्यानं राहवलं नाही. एका संध्याकाळी ते फेरफटका मारल्यासारखं करत ठोंबऱ्यांच्या फाटकाशी थांबले. काकासाहेब पायरीवर बसून संस्कृतीच्या सायकलची चेन बसवत होते. हात काळे झालेले.

"या की साहेब," ते म्हणाले. "चहा टाकाय सांगू?"

"नको, नको. सहज आलो." श्रीधररावांनी इकडंतिकडं पाहिलं. "आमचा चिन्मय येतो म्हणे तुमच्याकडं."

"येतो की. लई गुणाचं पोरगं हाय."

आपल्या पोराबद्दल असं ऐकून बापाला बरं वाटायला हवं. श्रीधररावांना वाटलं, कुणीतरी आपल्याच फाइलवर दुसऱ्याची सही दाखवतंय. "तुम्ही मुलांना नेमकं काय सांगता?" त्यांनी विचारलं. "म्हणजे पद्धत काय तुमची?"

"पद्धत?" काकासाहेबांनी चेन ओढली. "कसली पद्धत. मला बोलाया येळ कुठं असतो साहेब. पाळी करून आलो का निम्मा झोपेतच असतो."

"तरी काहीतरी असेलच की."

काकासाहेबांनी जरा विचार केला. "आमच्यात असंय बघा. वंगाळ काम थोरल्याचं. माझा बाप गोठ्यातलं शेण सोता काढायचा. आमाला नुसती वैरण टाकाय लावायचा. आमी म्हणायचो, आमी काढतो की शेण. तो म्हणायचा, अजून तू तेवढा झाला नाय. ज्या दिशी मला शेणाची पाटी दिली ना हातात, त्या दिशी आख्ख्या गावातून मिरवत नेली मी ती." ते हसले. "तसंच हाय हितं. ड्रमातलं शेवाळ माझं. मग पाइप, मग बादली, मग कळशी. पोरं टपून बसल्यात कवा वर सरकतोय म्हणून."

"आणि चिन्मय?"

"तो आला तवा नुसता उभा व्हता. म्हणला काका, मी काय करू. म्हणलं कळशी घे. आठ दिवस कळशीवर व्हता. आता बादलीवर आलाय."

श्रीधररावांचं स्वतःचं प्रमोशन सहा वर्षं अडकलं होतं. त्यांच्या मुलाचं शेजारी आठ दिवसांत झालं.

त्या रात्री जेवताना त्यांनी घरात घोषणा केली. "आजपासून आपल्या घरात घाण काम मी करणार. ड्रम घासणं माझ्याकडं. मग बाकीची कामं वयाप्रमाणं." मुलांनी घास थांबवून त्यांच्याकडं पाहिलं. स्वरदाच्या चेहऱ्यावर तर काहीतरी उजळल्यासारखं झालं.

"कधीपासून बाबा?" तिनं विचारलं.

"म्हणजे उद्या टँकर आहे, पण उद्या माझी साडेनऊची बैठक आहे. परवापासून… परवा टँकर नाही. बघू, सविस्तर कळवतो."

चेहरा मावळला. चिन्मय भात कालवत म्हणाला, "शुद्धिपत्रक काढा बाबा." तो टोमणाही नव्हता. त्याला वाटलं, पुढची पायरी तीच असते.

एप्रिलमध्ये एक-दिवसाआडचा टँकर चार-दिवसांवर गेला. त्याबदल्यात मोठा टँकर यायचा ठरलं आणि तो ड्रममध्ये नाही, तर घरांच्या जमिनीखालच्या टाक्यांमध्ये सरळ पाणी सोडणार होता. टाक्या प्रत्येक घराला होत्याच, पण बोअर आटल्यापासून कोरड्या पडलेल्या. तळाला वीतभर गाळ वाळून पापुद्रे धरलेला. रविवारी सकाळी गल्लीतल्या सगळ्यांनी आपापल्या टाक्या साफ करून ठेवायच्या, असं ठरलं. शनिवारी सगळ्यांनी झाकणं उघडून टाकली.

रविवारी सकाळी श्रीधररावांनी कागद घेतला. "टाकी सफाई" असं लिहिलं, त्याखाली रेघ मारली. मग चिन्मयला हाक मारावी म्हणून ते मागच्या अंगणात गेले, आणि भिंतीपलीकडून आवाज आला.

ठोंबऱ्यांच्या टाकीचं काम सुरू झालं होतं. श्रीधरराव भिंतीला चिकटून उभे राहिले. तिथं वाळत घातलेल्या चादरीच्या आडून सगळं दिसत होतं. टाकीच्या चौकोनी तोंडातून फक्त काकासाहेबांचा आवाज येत होता. इंद्रजीत आणि चिन्मय दोरीनं गाळाच्या बादल्या वर ओढत होते, संस्कृती त्या कोपऱ्यातल्या जांभळीच्या बुंध्याशी रिकाम्या करत होती. तिघांच्या अंगावर चिखलाचे शिंतोडे. चिन्मयच्या कपाळावर तर गाळाचं बोट ओढलेलं, आणि त्याला ते माहीतही नव्हतं.

"काका," चिन्मय टाकीत वाकून म्हणाला, "पुढच्या वर्षी मी उतरू?"

"माझ्या टाकीत इंद्रजीत उतरंल पुढं. तू तुमच्या टाकीत उतर की. तुझ्या बाबाला इचार."

"बाबा उतरत नाहीत," चिन्मय म्हणाला. "बाबा लिहितात."

त्याच्या आवाजात तक्रार नव्हती, राग नव्हता. आमच्याकडं गॅस पाइपचा नाही, सिलिंडरचा आहे, असं सांगावं तसं त्यानं सांगितलं. टाकीतलं खोरं थांबलं आणि पुन्हा चालू झालं.

श्रीधरराव चादरीमागं तसेच उभे राहिले. साडूच्या फ्लॅटनं, साहेबाच्या गाडीनं जे कधी झालं नव्हतं ते झालं. छातीत काहीतरी तापलं आणि थेट कानांपर्यंत गेलं. पहिल्यांदा वाटलं, पोराला हाताला धरून आणावं. मग वाटलं, आणून सांगायचं काय. हातात कागद होता. त्यांनी तो खिशात कोंबला, पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडला, मोरीतलं प्लॅस्टिकचं स्टूल, खोरं आणि घमेलं उचललं आणि ते आपल्या टाकीच्या तोंडाशी गेले.

यात विचार, तत्त्व, बालसंगोपन असलं काही नव्हतं. तिकडं तो माणूस टाकीत उतरलाय, मग मीही उतरणार, एवढंच होतं. शाळकरी पोरं आंब्याच्या झाडावर चढतात ती याच कारणानं.

आत उतरणं सोपं गेलं. स्टूल खाली टाकलं, त्यावर पाय ठेवला, स्टूल कलंडलं आणि श्रीधरराव बसल्या बसल्या तळाशी पोचले. टाकी सहा फूट खोल. वर चौकोनी आकाश, कडक निळं. त्यांनी खोऱ्यानं पापुद्रे उकरायला सुरुवात केली. खाली गाळ अजून ओला होता, आणि त्याला दोन वर्षांचा कोंडलेला वास होता. घमेलं भरलं. भरल्यावर त्यांच्या लक्षात आलं की ते वर ओढायला कुणी नाही. त्यांनी घमेलं डोक्यावर धरलं, स्टुलावर चढले, कडेवर ठेवायला हात उंचावले, आणि घमेल्यानं एका बाजूनं मान टाकली. गाळ कॉलरमधून आत गेला आणि पाठीवरून संथपणे खाली उतरला.

दुसऱ्या वेळी निम्मं घमेलं वर पोचलं. तिसऱ्या वेळी चष्म्यावर आलं. हाक मारता आली असती. पण हाक सगळ्यात आधी ऐकू गेली असती पाचव्या घरात, आणि काकासाहेब धावत आले असते, मदतीला, हसऱ्या चेहऱ्यानं. त्यापेक्षा गाळ बरा. श्रीधरराव ओठ घट्ट मिटून चौथं घमेलं भरायला लागले.

चौकोनात एक डोकं आलं. दोन वेण्या खाली लोंबल्या.

"बाबा, तुम्ही आत काय करायलात?" स्वरदानं विचारलं.

"टाकी साफ करायलोय."

ती आणखी वाकली. "कुणी सांगितलं?"

"कुणी नाही."

"आईनं?"

"नाही गं बाई. कुणीच नाही."

वेण्या नाहीशा झाल्या. गेली असेल आईला सांगायला, त्यांना वाटलं. थोड्या वेळानं वरून काहीतरी सरकत आलं आणि त्यांच्या खांद्यावर आपटलं. तिची खेळातली लाल छोटी बादली होती, कपडे वाळत घालायच्या दोरीला बांधलेली. दोरीचं दुसरं टोक धरून स्वरदा टाचा रोवून उभी होती.

"यात भरा," ती म्हणाली. "मोठं मला नाही उचलणार."

त्यांनी त्यात मावेल तेवढा, म्हणजे दोन मुठी गाळ भरला. तिनं तो दात-ओठ खाऊन ओढला. कुठं नेऊन टाकला ते दिसलं नाही. धप्प असा आवाज आला आणि धावत आलेली पावलं ऐकू आली. बादली पुन्हा खाली. श्रीधररावांना बोलायचं होतं, शाबास म्हणायचं होतं, पण काकासाहेब असं काही म्हणत नाहीत हे त्यांनी दीड महिना गॅलरीतून पाहून ठेवलं होतं. ते गप्प राहिले. फार जड गेलं.

अशा पाच-सहा खेपा झाल्या असतील. मग स्वरदाच्या बाजूला दुसरं डोकं आलं. कपाळावर गाळाचं बोट तसंच. चिन्मय खाली बघत होता. टाकीत चष्म्यावर चिखल, केसांत चिखल, पायजम्याचा एक पाय सुटून खाली आलेला असा त्याचा बाप उभा होता. चिन्मय गेला, मोठी बादली आणि चांगली जाड दोरी घेऊन आला, आणि दोरीचा एक वेढा हाताला मारला.

"बाबा, बादली निम्मीच भरा," तो म्हणाला. "पूर्ण भरली की वर येताना हिंदकळते. स्वरदा, तू कडेला उभी राहून पकडायची. ओढायची नाही."

"मी ओढत होते इतका वेळ," स्वरदा म्हणाली.

"हो, पण आता पकडायचं काम तुझं. ते अवघड असतं."

श्रीधररावांनी निम्मी बादली भरली. बारा वर्षांत पहिल्यांदा त्यांनी मुलाचं ऐकलं आणि लेखी मागितलं नाही.

भिंतीवरून काकासाहेबांनी डोकं काढलं. अंघोळ न केलेले, कोपरापर्यंत राखाडी. "साहेब, माझं उरकलं. येऊ का मदतीला? दोघं आत उतरलो तर लवकर व्हईल."

श्रीधररावांचे हात खोऱ्यावर आवळले. आता हा माणूस माझ्या टाकीतही उतरणार. तोंडातून "या ना" असंच निघालं असतं, शेजारधर्मानं, पण त्याआधी वरून चिन्मय बोलला.

"नको काका. इथं मी आहे."

काकासाहेब "बरं, बरं" म्हणत खाली गेले. बादली वर गेली, रिकामी होऊन खाली आली. श्रीधररावांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. सदरा चष्म्यापेक्षा घाण होता, पण तेवढा वेळ त्यांना हवा होता.

मग गाळ आटपत आला. तळाची फरशी दिसायला लागली. त्यांनी पाठ सरळ केली.

"बाबा, कोपरे राहिले," वरून आवाज आला.

"खोरं जात नाही तिथं."

"खोऱ्यानं नाही निघत. हातानं काढावा लागतो. काका हातानं काढतात."

काका. टाकीच्या तळाशीसुद्धा काका. श्रीधररावांना जुनी कळ आली, अगदी ओळखीच्या जागी.

"काकांच्या टाकीतून किती बादल्या निघाल्या?" त्यांनी विचारलं.

चिन्मयनं आठवलं. "सव्वीस."

"आपल्या?"

"एकवीस. स्वरदाच्या छोट्या धरल्या नाहीत."

"त्या धरायच्या," स्वरदा म्हणाली.

श्रीधरराव गुडघ्यांवर बसले. बाही खांद्यापर्यंत सारली आणि कोपऱ्यात हात घातला. गाळ गार होता आणि मनगटाच्या वरपर्यंत गेला. त्यांनी मूठ भरून बाहेर काढली, बादलीत टाकली, पुन्हा हात घातला.

"निम्मीच भरा हं," चिन्मय म्हणाला.

"पाव भरतो," श्रीधरराव म्हणाले. "ओढ तू."